लोकस्थिती आणि प्रवासवृत्त : पंडिता रमाबाईंचा परदेशातील मुक्काम

मराठीत प्रवासवर्णने उदंड झाली. परंतु त्यांतील बहुतेकांचा कर्ता हा वाटसरू असतो. तो पाहतो, नोंदतो आणि परततो. ज्याला परक्या गावात चूल मांडावी लागते, लेकराला शाळेत घालावे लागते, आजारपण आणि हिवाळा काढावा लागतो, त्याचा अनुभव निराळा असतो. तेथील माणसांसारखे जगणे ही त्याची हौस नसते. आपले किती सोडायचे आणि किती राखायचे, हा हिशेब त्याला रोज नव्याने मांडावा लागतो. हा हिशेब एकोणिसाव्या शतकात ज्या मराठी लेखिकेने सर्वांत जागरूकपणे मांडला, त्या पंडिता रमाबाईंच्या १८८३ ते १८८९ या परदेशवासाकडे आम्ही येथे त्या दृष्टीने पाहणार आहोत.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या पंचविशीच्या विधवा होत्या. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत होत्या. मुक्काम वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे होता. वैद्यकी शिकावी हा मूळ हेतू होता, पण ऐकू कमी येत असल्याने तो सुटला. त्याच वर्षी आनंदीबाई भगतांनी आत्महत्या केली आणि सप्टेंबरात रमाबाईंनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकू आणि शिकवू लागल्या.

धर्म बदलला, म्हणजे आता या बाई सर्वार्थाने ‘आपल्या’ झाल्या, अशी यजमानांची समजूत होणे स्वाभाविक होते. रमाबाईंनी ती वेळोवेळी मोडली. त्यांनी शाकाहार सोडला नाही, पोशाख सोडला नाही. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतात का नकोत, असा वाद त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून घातला. तरुण पुरुषांना त्यांनी शिकवू नये असा सल्ला बिशपांकडून आला, तेव्हा मायदेशी पुरुषांच्या सभांतून बोलत आलेल्या या विदुषीने त्यालाही हरकत घेतली. सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवलेली ही पत्रे १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. अभ्यासकांनी ती केवळ धर्मचर्चा म्हणून वाचू नयेत, असे आम्हांला वाटते. पाहुणीने कृतज्ञ असावे ते कुठपर्यंत, या प्रश्नाची ती चर्चा आहे.

या पत्रांतला सर्वांत हळवा आणि म्हणूनच सर्वांत कठोर विषय मनोरमेचा. मोठ्या माणसाला निवड करता येते. आईने शाकाहार राखला तो समजून-उमजून. लेकराला तशी निवड नसते. ते ज्या अंगणात वाढते तिथलीच बोली, प्रार्थना आणि आवडीनिवडी उचलते. मुलीला सांभाळणाऱ्या भगिनींची माया खरी होती आणि त्या मायेबरोबर येणारा हक्कही खरा होता. मुलीला कोणते धर्मशिक्षण द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार रमाबाईंनी आपल्या हाती ठेवला. मुलीचे आपल्या देशबांधवांशी नाते तुटू नये, अशी त्यांची धडपड होती. स्वतःला वेळ नाही, पैसा नाही, छप्पर दुसऱ्याचे, अशा स्थितीत मातेने हा हट्ट धरावा, यातला ताण पत्रांच्या ओळींमागे सतत जाणवतो.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. येथे एक तुलना उद्बोधक ठरते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांनी आनंदीबाईंना घरच्या मुलीसारखे ठेवून घेतले होते आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. तेथेही लुगडे आणि शाकाहार कायम राहिला. परक्या घराला नात्याचा शब्द देऊन आपलेसे करण्याची ही रीत रमाबाईंच्या वादविवादाहून वेगळी. पण आपली राहणी न सोडण्याचा आग्रह दोघींचा सारखाच. १८८७ च्या फेब्रुवारीत, स्वदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.

रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. त्या बालोद्यान शिक्षणपद्धती शिकल्या, व्याख्याने देत गावोगाव हिंडल्या आणि त्यातूनच १८८७ च्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. या वास्तव्याचे फळ म्हणजे १८८९ चे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. शीर्षकातला क्रम पाहावा : लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, स्त्रियांची अवस्था, उद्योग असे विषय त्यांनी पद्धतशीरपणे हाताळले. स्त्रियांच्या संघटनांचे मनापासून कौतुक केले, तसेच कृष्णवर्णीयांशी आणि मूळ रहिवाशांशी होणाऱ्या अन्यायी वागणुकीवर बोटही ठेवले. घरांत राहिलेल्या माणसाची जवळीक आणि बाहेरून आलेल्या माणसाचा निवाडा या पुस्तकात एकत्र नांदतात. रमाबाई पूर्णपणे तेथल्या झाल्या असत्या, तर दुसरी गोष्ट लोपली असती, असे आमचे मत आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तेथे दाखल होणाऱ्या मुलीही एका अर्थी परक्या घरीच राहायला येत होत्या. त्यांना आपापले आचार पाळण्याची मोकळीक असावी, हे धोरण रमाबाईंनी आरंभी स्वीकारले. पुढे सदनात मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो अशी ओरड झाली आणि १८९३ मध्ये पुण्याच्या अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आश्रय देणाऱ्याची माया आणि त्याचा हक्क यांची सीमा कुठे आखायची, हा वाँटेजचा प्रश्न आता यजमानीण झालेल्या रमाबाईंच्या दारी आला होता. त्यांचे चरित्र शिकवताना या दोन्ही बाजू विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे.