मराठीतील उत्साहवाचक शब्द

उत्साहवाचक शब्द : माणसाला कामाकडे, खेळाकडे किंवा आनंदाकडे ओढून नेणाऱ्या चैतन्याच्या अवस्था दाखवणारा मराठीतील शब्दसमूह. उत्साह, उल्हास, हुरूप, उमेद, जोम, जोश, हौस, तडफ, धडाडी, धमक, स्फुरण, चेव, खुमखुमी, तरतरी, टवटवी हे त्यातले नित्याचे शब्द. अर्थाने ते जवळचे असले, तरी एकाच्या जागी दुसरा सहसा चालत नाही. चैतन्य कुठून आले, किती टिकणार आणि कशात खर्च होणार, यावरून शब्द ठरतो. त्याच्या जोडीचे क्रियापदही बहुधा ठरलेले असते.

उगम : या समूहात तीन प्रवाह एकत्र आले आहेत. उत्साह, उल्हास, चैतन्य, स्फूर्ती, आवेश हे संस्कृतातून आले. ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘सह्’ म्हणजे सोसणे, बळ लावणे. यांतून ‘उत्साह’ घडला. उमेद, जोश, हौस हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत त्यांचे अर्थ कमीअधिक बदलले. फारसीत ‘उमेद’ म्हणजे आशा. मराठीत त्या आशेला काम करण्याची इच्छा जोडली गेली. ‘जोश’चा मूळ अर्थ उकळी. मराठी माणसाला आनंदाच्या ‘उकळ्या फुटतात’, तिथेही हीच कल्पना आहे. ‘हौस’ आणि हिंदी-उर्दूतील ‘हवस’ यांचे मूळ एकच. हिंदीत त्या शब्दाला वासनेचा वास लागला, तर मराठीत तोच निर्मळ आवडीचा, सणासुदीचा आणि कौतुकाचा शब्द झाला. तिसरा प्रवाह ध्वनीवरून घडलेल्या देशी शब्दांचा आहे. त्यांचा विचार पुढे केला आहे.

शास्त्रांतील उत्साह : प्राचीन शास्त्रांत ‘उत्साह’ हा पारिभाषिक शब्द आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ स्थायिभावांत त्याची गणना होते आणि तो वीररसाचा स्थायिभाव मानला जातो. भरताने दानवीर, धर्मवीर आणि युद्धवीर असे वीराचे तीन प्रकार सांगितले. पुढील साहित्यशास्त्रात दयावीराची भर पडली. म्हणजे उत्साह रणांगणापुरता नाही. देण्यात, कर्तव्यात आणि करुणेतही तो असतो. मराठीत या रसाचे हक्काचे स्थान पोवाडा. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुन्यांपैकी आहे. डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांची साथ यांच्या जोरावर शाहीर श्रोत्यांना ‘स्फुरण चढवतो’.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत : मंत्रशक्ती, प्रभुशक्ती आणि उत्साहशक्ती. उत्साहशक्ती म्हणजे पराक्रमाचे बळ. कौटिल्य मात्र तिला सर्वांत वर बसवत नाही. कोश आणि सैन्य यांचे बळ तिच्याहून मोठे आणि सल्लामसलतीचे, बुद्धीचे बळ दोहोंहून मोठे, असा त्याचा निर्णय आहे. आयुर्वेदात उत्साह शरीराशी जोडलेला आहे. अष्टांगहृदयात प्राकृत, म्हणजे न बिघडलेल्या, वायूची कामे सांगताना पहिले नाव उत्साहाचे येते आणि श्वासोच्छ्वास त्याच्यानंतर येतो.

अर्थच्छटा : ‘हुरूप’ बाहेरून मिळतो. शाबासकीने, पहिल्या यशाने, कुणी पाठीवर हात ठेवल्याने तो येतो. ‘उमेद’ आतली असते आणि अडचणीतच तिची परीक्षा होते. दोन वर्षे पीक बुडूनही शेतकरी पुन्हा पेरतो, तो उमेदीवर. ऐन तारुण्याच्या काळाला ‘उमेदीची वर्षे’ म्हणतात. ‘उमेदवार’ हा याच कुळातला. निवडणुकीला उभा राहणारा तो उमेदवार, आणि काम शिकण्यासाठी एखाद्या कचेरीत किंवा कारखान्यात राबणे म्हणजे ‘उमेदवारी करणे’. महाराष्ट्र राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने २०११ साली ‘उमेद’ हेच नाव घेतले आणि बचतगटांतील महिलांमार्फत ते गावोगाव पोचले. गोव्याच्या कोंकणीत मात्र ‘उमेद’ आनंदाकडे झुकते. तिथे एखादी चांगली बातमी ऐकूनही उमेद ‘जाता’.

‘हौस’ लाभाकडे पाहत नाही. म्हणूनच ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण रूढ झाली आणि पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी नाटक करणाऱ्यांची रंगभूमी ‘हौशी’ ठरली. जत्रेला येणाऱ्यांचे ‘हौशे, नवशे आणि गवशे’ असे तीन वर्ग लोकांनीच पाडले आहेत : आनंदासाठी आलेले, नवस फेडायला आलेले आणि काही गवसते का ते पाहायला आलेले. ‘जोश’ क्षणात चढतो आणि बहुधा समूहात दिसतो. ‘तडफ’ कामाच्या वेगात दिसते, ‘धडाडी’ जोखीम पत्करण्यात, तर ‘धमक’ म्हणजे ते काम निभावून नेण्याची अंगातली ताकद. ‘चेव’ डिवचल्यावर येतो. हरत आलेला कबड्डीचा संघ शेवटच्या मिनिटांत उसळतो, तो चेव.

क्रियापदांची जोड : हुरूप येतो, स्फुरण चढते, चैतन्य संचारते, उत्साह ओसंडतो आणि मावळतो, उमेद वाढते, खचते किंवा हरपते. हौस वाटते, भागते, फिटते; दुसऱ्याची हौस पुरवतात. ‘मला हुरूप आला’, ‘तिला जोश चढला’ अशा वाक्यांत माणूस कर्ता नसतो. चैतन्य त्याच्याकडे चालून येते. धमक मात्र ‘अंगात असते’ आणि धडाडी ‘दाखवावी’ लागते. ‘अवसान’ या शब्दाचे वळण वेगळे आहे. संस्कृतात त्याचा अर्थ शेवट, आणि ‘देहावसान’ या मराठी शब्दात तो टिकून आहे. पण बोलीत ‘उसने अवसान आणणे’ आणि ‘अवसान गळणे’ यांत अवसान म्हणजे धीर, बळ.

शेत, तालीम आणि समुद्र : ‘जोम’ प्रामुख्याने पिकाचा. वेळेवर पाऊस आणि खत मिळाले की पीक ‘जोम धरते’. चळवळ किंवा धंदाही ‘जोमात’ असतो. तालमीने ‘रग’ आणि ‘खुमखुमी’ दिली. जोर-बैठकांनी कमावलेल्या अंगाला जोडीदार हवासा वाटतो, ती खुमखुमी. ती कुस्तीत ‘जिरते’. कोकणच्या किनाऱ्याने ‘उधाण’ दिले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकवटते आणि समुद्राला मोठी भरती येते, ते उधाण. अष्टमीच्या आसपासची लहान भरती ती भांगाची. उत्साहाला, आनंदाला ‘उधाण येते’, ते याच भरतीवरून.

ध्वनीवरून आलेले शब्द : तरतरी, टवटवी, सळसळ, रसरशीत, चुणचुणीत, चटपटीत हे शब्द कानाला ऐकू येण्याआधी जणू डोळ्यांना दिसतात. ‘टवटवी’ फुलाला आणि चेहऱ्याला, ‘तरतरी’ चहाने किंवा तोंडावर पाणी मारल्याने, ‘सळसळ’ तरुण रक्ताला, तर ‘चुणचुणीत’ हे विशेषण लहान मुलाला शोभते. उत्तर दुसऱ्याच्या आधी देणारी, निरोप धावत पोचवणारी पोर चुणचुणीत.

अतिरेक आणि ओहोटी : उत्साहाची मर्यादाही भाषेने आखून दिली आहे. घाईला ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आहे. थोड्या कौतुकाने भान सुटते, ते ‘हुरळून जाणे’. आनंद रस्त्यावर आला आणि दुसऱ्याला त्रास होऊ लागला, की जल्लोषाची ‘हुल्लड’ होते. काम धडाक्यात सुरू करून अर्ध्यावर टाकणारा ‘आरंभशूर’. ‘नव्याचे नऊ दिवस’ आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणी अशाच अल्पजीवी उत्साहासाठी वापरतात.

आजचा वापर : बातम्यांत आणि शुभेच्छापत्रांत या समूहातील दोनच शब्द सर्वत्र भेटतात. सण असो, निकाल असो की सभा, सारे ‘उत्साहात’ किंवा ‘जल्लोषात’ होते. त्यामुळे वारकऱ्याचा उल्हास, विजयी संघाचा जोश आणि पहिल्यांदा मतदान करणाऱ्या मुलीची उमेद एकाच रंगात रंगवली जाते आणि वाचकाला प्रसंग दिसत नाही. शब्द मोडीत निघालेले नाहीत. घरात, शेतात, तालमीत ते रोज बोलले जातात. लिहिणाऱ्याने ‘उत्साह’ लिहिण्यापूर्वी तो कुठून आला आणि किती टिकणार एवढे पाहावे, आणि त्या जागेचा नेमका शब्द वापरावा.