विणीतली वेणी : एक दंतकथा आणि तिची तपासणी

बाळंतविड्यातले टोपडे आणि मोजे आपण सर्वांनी पाहिलेले असतात. कार्यानुभवाच्या तासाला सुलट-उलट टाके शिकलेल्या आणि शिकवलेल्या शिक्षिकाही वाचकांत बऱ्याच असतील. सुलट-उलट जमू लागले की शिकणाऱ्याची नजर पुढच्या पायरीकडे वळते. ती पायरी म्हणजे कानटोपीवर किंवा बोटे मोकळी ठेवणाऱ्या हातमोज्यांवर उठून दिसणारी वेणीची वीण. इंग्रजीत तिला केबल म्हणतात. केबल म्हणजे जाड दोर.

या विणीबद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरात अरान नावाची तीन बेटे आहेत. तेथील प्रत्येक कुळाची वेणीची नक्षी म्हणे वेगळी असे आणि ती हजारो वर्षे आईकडून मुलीकडे येत राहिली. कोळी समुद्रात बुडाला आणि त्याचे प्रेत ओळखण्यापलीकडे गेले, तरी स्वेटरवरील नक्षीवरून त्याचे कुळ कळत असे. गोष्ट हृदयस्पर्शी आहे. ती खरी आहे का, हे मात्र पुराव्यानेच ठरवायला हवे.

विणकाम किती जुने?

पहिला प्रश्न विणकामाच्या वयाचा. कापड फार लवकर कुजते. त्यामुळे जुने नमुने प्रामुख्याने कोरड्या वाळूत, थडग्यांत किंवा ऑक्सिजन न पोचणाऱ्या चिखलातच टिकतात. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेले लाल लोकरीचे मोजे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते इ.स.च्या सुमारे चौथ्या-पाचव्या शतकातील असून चपलेचा पट्टा अडकवता यावा म्हणून त्यांचा अंगठा वेगळा ठेवलेला आहे. दिसायला ते अगदी सुयांवर विणलेले वाटतात आणि बराच काळ तसेच समजले जात होते.

भिंगातून धाग्याचा मार्ग शोधला तर मात्र वेगळीच गोष्ट दिसते. सुयांवरच्या विणकामात एकाच लांब धाग्याचा फास आधीच्या फासातून ओढून घेतलेला असतो. म्हणूनच टोक ओढले की सबंध वीण सरसर उसवते. या मोज्यांत धाग्याचे आखूड तुकडे नेढे असलेल्या एका सुईने फासांतून पूर्णपणे आरपार नेलेले आहेत. अशी वीण ओढून उसवता येत नाही. या जुन्या तंत्राला नालबिंडिंग म्हणतात. डोरोथी बर्नहॅम यांनी 1972 साली हा फरक स्पष्ट करून दाखवला आणि विणकामाचा इतिहास एकदम कित्येक शतकांनी तरुण झाला.

दोन सुयांवरच्या खऱ्या विणकामाचे जुने नमुनेही इजिप्तमधलेच आहेत. मात्र ते निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे असून साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले आहेत. स्पेनमध्ये बुर्गोसजवळच्या लास ह्युएल्गास मठात फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात रेशमी विणकामाच्या उशा मिळाल्या. त्याचा मृत्यू 1275 साली झाला. ‘हजारो वर्षांची परंपरा’ ही कल्पना येथेच डळमळीत होते.

टोप्यांचा कायदा

पुढच्या काळात युरोपात विणकाम हा घरातला विरंगुळा नव्हता. तो पोटाचा धंदा होता. इंग्लंडमध्ये लोकरीच्या टोप्या विणून त्या गरम पाण्यात तुडवत आणि कुटत. तंतू एकमेकांत अडकून टोपी आटत असे आणि दाट होत असे. पुढे इतर प्रकारच्या टोप्यांची टूम निघाली आणि टोपी विणणाऱ्यांचा धंदा बसू लागला. तेव्हा राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत 1571 साली एक कायदा झाला. सहा वर्षांवरील बहुतेक सर्व सामान्य लोकांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडमध्ये बनलेली लोकरी टोपी घालावी, नाहीतर दिवसाला 3 शिलिंग 4 पेन्स दंड, असा तो कायदा! सरदार-उमराव आणि प्रतिष्ठित स्त्रिया यांना त्यातून सूट होती. हा कायदा 1597 मध्ये रद्द झाला. कायद्याने लोकांच्या डोक्यावरची टोपी फार काळ ठरवता येत नाही, एवढे त्यातून दिसले.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या किनाऱ्यावरील कोळी गडद निळ्या लोकरीचे घट्ट विणीचे स्वेटर घालत. त्यांना गॅन्सी म्हणत. त्यांवर दोरासारख्या वेण्या, शिड्या, चौकटी अशा नक्षी असत. हेरिंग माशांच्या थव्यांमागून बोटी जात आणि मासे साफ करून खारवणाऱ्या स्त्रिया बंदराबंदरांतून त्यांच्या मागे फिरत. हात रिकामे झाले की त्या विणत. एका गावची नक्षी दुसऱ्या गावी पोचायला यापेक्षा चांगली व्यवस्था कोणती? अशा परिस्थितीत एखादी नक्षी एकाच कुळाची राहणे कठीणच होते. गॅन्सीच्या खालच्या कडेला कधीकधी मालकाच्या नावाची आद्याक्षरे मात्र विणलेली असत.

अरान बेटांवर काय घडले?

आयर्लंडच्या पश्चिमेकडील दरिद्री भागांसाठी 1891 मध्ये एक सरकारी मंडळ स्थापन झाले. अरान बेटांवर त्याने मासेमारीला उत्तेजन दिले. बाहेरच्या बोटी आणि माणसे बेटांवर येऊ लागली व त्यांच्याबरोबर गॅन्सीही आली. बेटावरच्या स्त्रियांनी ती विणायला शिकून घेतली आणि मग तिचे रूपच बदलले. जाड लोकर घेतली आणि वेण्या, जाळ्या, उठावदार गाठी यांनी सगळा स्वेटर भरून टाकला. 1930 नंतर डब्लिनमध्ये हस्तव्यवसायांना बाजार मिळवून देणाऱ्या म्युरिएल गाहन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांमुळे हे काम शहरात विकले जाऊ लागले.

मग बुडालेल्या कोळ्याची गोष्ट कोठून आली? जे. एम. सिंग हा नाटककार 1898 पासून अरान बेटांवर जात होता. त्याच्या ‘रायडर्स टू द सी’ या 1904 सालच्या नाटकात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते. पण ती स्वेटरवरून नव्हे, पायमोज्यावरून. तीही नक्षीवरून नव्हे, तर मोजा विणताना तिने स्वतः घातलेल्या आणि गाळलेल्या टाक्यांच्या संख्येवरून. कुळाचा तेथे उल्लेखही नाही. प्रत्येक विणणारीला आपले काम ओळखू येते, एवढेच सत्य त्या प्रसंगात आहे.

1936 साली हाइन्झ किवे या ऑक्सफर्डच्या लोकर-व्यापाऱ्याने डब्लिनमध्ये एक पांढरा अरान स्वेटर विकत घेतला. त्याला त्यात सुमारे इ.स. 800 मधील ‘बुक ऑफ केल्स’ या हस्तलिखितातील गुंफणीचे साम्य दिसले. 1967 मध्ये त्याने पुस्तक लिहून या विणीला प्राचीन आणि पवित्र ठरवले. पण दोन-तीन पट्टे एकमेकांवरून नेले की कोठेही तशीच आकृती तयार होते. त्यासाठी नातेसंबंध असावा लागत नाही. पुढे पर्यटनाच्या व्यापाराने कुळांच्या नक्षींच्या याद्याच दुकानांत लावल्या. बिशप असलेले आणि स्वतः विणणारे रिचर्ड रट यांनी 1987 मध्ये हातविणकामाचा इतिहास लिहिताना या दाव्यांची छाननी केली. त्यांना आधार मिळाला नाही.

या दंतकथेत कोणाचे नुकसान झाले? ज्यांनी ही वीण खरोखर घडवली त्यांचे. परंपरा ‘अनादी’ म्हटली की तिला कर्ता उरत नाही. तीन-चार दशकांत परकी वीण शिकून, तिच्यात प्रयोग करून, तिच्यावर घर चालवणाऱ्या स्त्रियांची बुद्धी मग कोणाला दिसत नाही. त्या केवळ आजीची आज्ञा पाळणाऱ्या ठरतात.

वेणीतले विज्ञान

ही बुद्धी कसली, ते वेणी घालून पाहिल्यावर कळते. सहा सुलट टाके घ्या. पहिले तीन जादा सुईवर काढून कामाच्या पुढे धरा, नंतरचे तीन विणा, मग जादा सुईवरचे तीन विणा. वेणी डावीकडे वळते. जादा सुई मागे धरली तर ती उजवीकडे वळते. दर सहा-आठ ओळींनी एकाच दिशेने ओलांडत गेले की दोन पेडांचा दोर मिळतो. ओलांडणी आलटून पालटून केली तर पीळ बसतच नाही. एकच पेड सतत वर राहतो आणि नागमोडी आकृती होते. गणितात एक ओलांडणी दुसऱ्या ओलांडणीची व्यस्त झाली असे म्हणतात. एमिल आर्टिन यांनी 1925 साली वेण्यांचे जे बीजगणित मांडले, त्याचा हा पहिला धडा आहे. केसांच्या तिपेडी वेणीसाठी नऊ टाके घेऊन पहिला व मधला पेड आणि मग मधला व तिसरा पेड विरुद्ध दिशांनी ओलांडावे लागतात.

ओलांडणीच्या जागी कापड दुहेरी होते आणि उलट टाक्यांच्या चरांत हवा अडकून राहते. स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे टोपी उबदार होते. त्याची किंमतही मोजावी लागते. वेणी कापडाची रुंदी आखडते. म्हणून साध्या विणीचे गणित येथे चालत नाही. वेणीचाच नमुना विणून मोजावा लागतो.

समजा, वेणीचे सहा आणि उलट दोन मिळून आठ टाक्यांची एक आवृत्ती आहे आणि नमुन्यात 24 टाके 10 सेंटिमीटर भरतात. टोपीला 14 आवृत्त्या, म्हणजे 112 टाके घेतले तर घेर सुमारे 47 सेंटिमीटर होईल. वीण ताणली जात असल्याने मोठ्या माणसाच्या डोक्यावर ती नीट बसेल. जोडीच्या हातमोज्यांना प्रत्येकी सहा आवृत्त्या, म्हणजे 48 टाके आणि 20 सेंटिमीटर घेर पुरेल. दोन्ही संख्यांना 8 ने भाग जातो, म्हणून टोपी आणि मोजे एकाच नक्षीत जुळतात.

वर्गात लोकर नसली तरी दोन रंगांच्या फिती घेऊन हे करून पाहता येईल. एका गटाने चार ओलांडण्या एकाच दिशेने कराव्यात, दुसऱ्याने आलटून पालटून. दोघांनी टोके ओढावीत. कोणाचा पीळ सुटला आणि का, हे मुलांनीच सांगावे. नंतर त्यांच्या घरी ‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ म्हणून सांगितलेली एखादी गोष्ट निवडावी. ती प्रथम कोणी, केव्हा लिहिली आणि त्याआधीचा पुरावा काय, एवढे दोनच प्रश्न तिला विचारून पाहावेत.