समेवर येणारा पियानो

जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणं, असा आपल्याकडे एक समज आहे. मी कवी माणूस. पियानो मला वाजवता येत नाही. पण गझल लिहिताना वृत्त, काफिया आणि रदीफ यांच्याशी रोजची गाठ असल्यामुळे मोकळीक आणि बंधन हा झगडा मला परका नाही. त्याचं एक उत्तर १९५८ सालच्या मुंबईत सापडतं.

त्या वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांना तीन साथीदारांसह जगाच्या दौऱ्यावर पाठवलं. शीतयुद्धाचा काळ होता. आपल्या देशात किती मोकळेपणा आहे, हे अमेरिकेला जॅझमधून दाखवायचं होतं. पोलंड, तुर्कस्तान करत ही मंडळी भारतात आली. मुंबईत ब्रुबेक यांची गाठ सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्याशी पडली आणि दोघे एकत्र वाजवायला बसले.

जोडी तशी अवघडच. सतारीची तार ओढून मींड काढता येते. पियानोत दोन पट्ट्यांच्या मधला सूरच नसतो. उलट पियानोवर अनेक सूर एकदम दाबून जी स्वरसंगती उभी राहते, ती रागसंगीताला अनोळखी. मग जमावं कशाच्या आधारावर? दोघांकडे उपज होती, आणि दोघांच्याही उपजेला घर होतं. खाँसाहेबांचं घर राग आणि ताल. ब्रुबेक यांचं घर मूळ धून आणि तिच्याखालचा स्वरसंगतींचा क्रम. जॅझमध्ये आधी धून वाजते, मग तो क्रम पुन:पुन्हा फिरत राहतो आणि वादक त्यावर नवं रचत जातो. ब्लूज या प्रकारात हे चक्र बहुधा चार-चार मात्रांच्या १२ खंडांचं असतं, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तनच म्हणा ना! वसंतराव देशपांड्यांची तान कुठून कुठे हिंडून समेवर यायची, हे ज्या नागपूरकरांनी ऐकलं आहे त्यांना ही गंमत समजावून सांगायला नको.

ब्रुबेक यांना विद्यार्थिदशेत नोटेशन धड वाचता येत नव्हतं. पियानो शिकवणार नाही, या बोलीवर कॉलेजनं त्यांना १९४२ मध्ये पदवी दिली. पुढे मात्र ते दारियुस मियो या फ्रेंच संगीतकाराकडे रचना शिकले. तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकलेला ९ मात्रांचा ठेका त्यांनी १९५९ च्या ‘टाइम आउट’ या ध्वनिमुद्रिकेत वापरला. त्या ‘ब्लू राँडो’ची धून दोन-दोन-दोन-तीन अशी पक्की बांधलेली आहे; उपजेची वेळ येते तेव्हा ठेका साध्या चार मात्रांवर उतरतो.

त्याच १९५८ मध्ये मुंबईतच गोव्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस दुसऱ्या टोकाकडून निघाले होते. ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून त्यांनी रागांवर आधारलेल्या रचना नोटेशनमध्ये लिहिल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. मोठ्या वाद्यवृंदात प्रत्येकानं उपज करायची म्हटलं तर गोंधळच होणार. तिथे कागद हवाच. एक जण बांधणीतून मोकळीक शोधत होता, दुसरा मोकळ्या रागाला बांधणी देत होता. दोघेही २०१२ मध्ये गेले; जाफर खान २०१७ मध्ये.

हे आज सांगायचं कारण आहे. आपल्याकडे ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्या पोराला सर्वांत मोठी शाबासकी कोणती? ‘अगदी रेकॉर्डसारखं वाजवलंस!’ मेहनत त्यातही आहेच. पण दर कार्यक्रमात तेच सूर त्याच जागी टाकणाऱ्या पोराची उपज हळूहळू आटते, आणि आपले कानही तेवढंच मागू लागतात. गाण्याच्या मध्ये त्याला चार आवर्तनं मोकळी द्यावीत. चुकेल, अडखळेल, पण समेवर यायची जबाबदारी अंगावर पडली की तो धून नुसती पाठ करणार नाही, समजून घेईल. आणि तो समेवर आला, की आपणही दाद द्यायला चुकू नये.