गोमंतकातील भूमीच्या संज्ञा : खाजनापासून प्रादेशिक आराखड्यापर्यंत

देवस्थानाचा इतिहास म्हटला की मूर्तीचे स्थलांतर, मंदिराचा जीर्णोद्धार आणि उत्सवांची परंपरा यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. परंतु देवस्थान ज्या भूमीवर उभे राहिले आणि जिच्या उत्पन्नावर नंदादीप तेवत राहिला, त्या भूमीच्या नावांचाही एक इतिहास आहे. त्याचा थोडक्यात परामर्श घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

गोमंतकातील गावकरी संस्थेने जमिनीला दिलेली नावे केवळ वर्णनात्मक नव्हती. त्या नावांतच वापराचा नियम सामावलेला होता. भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असलेली, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन म्हणजे खाजन. खाजन म्हटले की बांध आला, भरती-ओहोटीबरोबर मिटणारी व उघडणारी मानस आली, आतील पोंय आली, मानशीच्या मासळीची पावणी आली आणि बांध फुटला तर सर्वांनी धावून जाण्याचे कर्तव्यही आले. त्याहून उंचावरची, वाळूमिश्रित मातीची, सरद पीक निघाल्यावर वायंगणही देऊ शकणारी ती केर. डोंगरउतारावरची, केवळ पावसावर विसंबून एक पीक देणारी ती मोरड. ओहोळाच्या पाण्यावर पोसलेली सुपारी-नारळाची बाग म्हणजे कुळागर. शब्द उच्चारताच त्या जमिनीत काय करावे आणि काय करू नये, हे गावाला कळत असे.

या व्यवस्थेची पहिली मोठी लिखित नोंद आफोन्सो मेशिया याने १५२६ मध्ये तयार केलेल्या फोरालात सापडते. गावकरांचे हक्क व रीतिरिवाज नव्या राज्यकर्त्यांनी त्यात नमूद करून घेतले. देवळांसाठी व गावच्या सेवेकऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनींना नमशीन म्हणत. १५४१ मध्ये तिसवाडीतील देवळांच्या अशा जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. संज्ञा तीच राहिली, जमीनही जागची हलली नाही; बदलला तो संज्ञेचा अर्थ, आणि त्याबरोबर उत्पन्नाचा धनी. व्याख्या करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, जमिनीचे भवितव्यही त्याच्याच हाती, हा धडा आपल्या पूर्वजांना तेव्हाच मिळाला.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला. कसणाराला संरक्षण लाभले, ही न्यायाचीच गोष्ट झाली. मात्र बांध व मानस राखण्याचा भार गावकरी संस्थेकडून कूळ संघटनांकडे गेला आणि जुने सामूहिक शिस्तीचे सूत्र अनेक ठिकाणी सैल झाले. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार हक्कनोंदणी झाली. एक-चौदाच्या उताऱ्यात जिरायत, बागायत, तरी यांबरोबर खाजन, केर व मोरड असे स्वतंत्र रकाने आहेत, ही समाधानाची बाब होय. लोकांचे शब्द सरकारी कागदावर टिकले. परंतु त्या शब्दांमागची कर्तव्ये रकान्यात मावली नाहीत.

१९७४ च्या नगरनियोजन कायद्याने निराळीच दृष्टी आणली. पीक कोणते, या प्रश्नाऐवजी बांधकाम चालेल काय, हा प्रश्न पुढे आला आणि जमीन वसाहत, बाग, शेती अशा विभागांत मांडली गेली. २०११ सालासाठीचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या तीव्र विरोधानंतर २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या २०२१ सालासाठीच्या आराखड्यात भातशेती व खाजन, वने, जलाशय आणि पंचवीस टक्क्यांहून तीव्र उतार यांना पहिल्या पर्यावरणीय विभागात स्थान मिळाले. बागा व मिठागरे दुसऱ्या विभागात गेली. किनारा नियमन विभागाच्या २०११ च्या अधिसूचनेतही गोव्याच्या खाजनांचा नावानिशी उल्लेख करून तेथे विकासकामांना मज्जाव करण्यात आला. चारशे वर्षांहून जुना गावचा शब्द देशाच्या नियमावलीत जाऊन बसला, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि शब्द कागदावर आला म्हणजे राखला गेला, असे नाही. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७ (२) घालण्यात आले. आराखड्यातील अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी हे कलम असल्याचे सांगण्यात आले. पण चूक कशाला म्हणावे, हाच वादाचा मुद्दा ठरला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालील नियम रद्दबातल ठरविले. वाद पुन्हा व्याख्येचाच होता, हे सुज्ञांच्या ध्यानी येईल.

मानस दुरुस्त झाली नाही की खारे पाणी आत शिरते. शेत पडीक होते. पडीक जमीन निरुपयोगी म्हटली जाते. आणि निरुपयोगी म्हटलेली जमीन वसाहतीसाठी मागण्यास कोणाला संकोच वाटत नाही. प्रत्येक पायरीवर आधी शब्द बदलतो, मग भूमी. म्हणून महाजनांनी देवस्थानच्या स्थावराची केवळ सर्व्हे क्रमांकांची यादी करून थांबू नये. कोणता तुकडा खाजन, कोणता केर, कुळागराचे पाणी कोठून येते, बांध कोणी राखायचा, हे जाणत्या वृद्धांकडून विचारून दप्तरी लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला मंदिराच्या सुवर्णकळसाइतकाच तो दस्तऐवज उपयोगी पडेल. इत्यलम्.