गुंतागुंतीचा हृदयविकार आणि वऱ्हाडातील उपचारांची वाटचाल

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा विकार काही रुग्णांत साध्या उपचाराला दाद देत नाही. डाव्या मुख्य धमनीतील अडथळा, तिन्ही धमन्यांचे अरुंद होणे, जुनी पूर्ण बंद पडलेली धमनी किंवा कॅल्शियमने कडक झालेली भिंत ही त्याची ठळक रूपे.

या उपचारांचा इतिहास निदानापासून सुरू होतो. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांनी थेट हृदयधमनीत क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून तिचे चित्र घेतले, म्हणजेच अँजिओग्राफी केली. तिथेच १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून अडथळ्याला वळसा देणारी बायपास शस्त्रक्रिया केली. १९७७ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी छाती न उघडता फुग्याने धमनी रुंद केली आणि १९८६ मध्ये धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट आला. भारतात बायपासची सुरुवात १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात झाली.

वऱ्हाडाला मात्र हे उपचार बराच काळ दूरच होते. अकोल्याच्या जठारपेठेतील दवाखान्यात ईसीजी निघे, गोळ्या मिळत. अँजिओग्राफी किंवा बायपाससाठी नागपूर नाही तर मुंबई गाठावी लागे. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग दाराशी असला तरी तिकिटापेक्षा शस्त्रक्रियेचा खर्च जड होता.

ही अडचण टप्प्याटप्प्याने हलकी झाली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत वऱ्हाडातील अमरावती होती. पुढच्या वर्षी ती राज्यभर लागू झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळू लागले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली.

साधनेही बदलली. कडक धमनीत हिऱ्याचे कण बसवलेले रोटाब्लेटर या उपकरणाचे बारीक टोक मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेत कॅल्शियम घासते. मग स्टेंट नीट फुलतो. धमनीच्या आत सरकवलेली अल्ट्रासाउंडची नळी तो भिंतीला पुरता टेकला की नाही हे दाखवते.

तरीही स्टेंट सर्वांना लागू पडत नाही. डाव्या मुख्य धमनीच्या किंवा तिन्ही धमन्यांच्या आजाराच्या १,८०० रुग्णांवरील सिंटॅक्स अभ्यासाने आजार जितका गुंतागुंतीचा, तितकी बायपास सरस हे दाखवले. मधुमेहींवरील २०१२ च्या फ्रीडम अभ्यासातही अनेक धमन्यांच्या आजारात बायपासनंतर मृत्यू कमी आढळले. म्हणून तातडीची वेळ नसेल, तर गुंतागुंतीच्या आजारात रुग्णाने स्टेंटला होकार देण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञाबरोबर हृदयशल्यविशारदाचाही सल्ला घ्यावा.