उकालो, ओरालो

मनगटावरचं घड्याळ आधी काढून ठेवा. निघालोय तिथं आकाशातून कुणी तुमचे किलोमीटर मोजत नाही. जेलची पाकिटं, कपाळावरचा दिवा, नळीवाली पाण्याची पिशवी, सगळं इथंच राहू द्या. फार तर सेफ्टी पिन आणि व्हॅसलीनची डबी खिशात टाका. ती कुठल्याही सालात लागते.

साल १९८६. हाँगकाँग, अजून ब्रिटिशांचं. साय कुंगच्या बाजूला पाक ताम चुंग इथं तुम्ही सकाळीच उभे आहात. पायांत कॅनव्हासचे बूट, हातात दोन सेलची बॅटरी आणि खिशात चार घड्या घातलेला कागद. त्यावर ओळखीपाळखीच्या सतरा जणांची नावं आणि पुढे त्यांनी कबूल केलेली देणगी: तुम्ही चालाल त्या किलोमीटरमागे ५० सेंट, कुणाचा एक डॉलर. गल्लीतल्या वाण्यानं दोन लिहिलेत. तिसाच्या पुढे तुम्ही जात नाही, अशी त्याची खात्री आहे.

पाच वर्षांपूर्वी, १९८१ मध्ये, हे पलटणीतल्या पलटणीत सुरू झालं. क्वीन्स गुरखा सिग्नल्सचा सराव: चौघांची तुकडी, मॅक्लेहोज ट्रेलचे १०० किलोमीटर, आणि त्यातून नेपाळसाठी पैसा उभा करायचा. यंदा ऑक्सफॅम हाँगकाँग ही मदतसंस्था सोबत आलीय आणि तुमच्या-आमच्यासारख्यांना पहिल्यांदाच आत घेतलंय. नाव ट्रेलवॉकर, पण गुरख्यांच्या तुकड्या चालत नाहीत. उतारावरून त्या अशा सुटतात की आपण बाजूला होऊन वाट द्यावी.

तुमच्या तुकडीत एक बँकेतला कारकून, एक शाळामास्तर, एक जहाज कंपनीतली टायपिस्ट आणि तुम्ही. चौघांनी एकत्र राहायचं. हा नियम ऐकायला सोपा वाटतो. वीस किलोमीटरनंतर कळतं की तुमचा वेग म्हणजे तुमच्यातल्या सर्वांत दुखऱ्या टाचेचा वेग.

हाय आयलंड जलाशयाच्या कडेची डांबरी वाट, लाँग केची पांढरी वाळू, मग चढ, पुन्हा समुद्र, पुन्हा चढ. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला चढाची भीती नसते. पण इथं माथ्यावर टेकायला मिळत नाही, लगेच उतार आणि समोर पुढचा डोंगर हजर. मा ऑन शानच्या अंगावर मास्तरांच्या पोटरीत गोळा येतो. चौघं थांबतात. कुणी काही बोलत नाही, आणि ते न बोलणंच मास्तरांना जास्त लागतं.

संध्याकाळी लायन रॉकखालून जाताना कौलूनचे दिवे लागलेले असतात. काय ताकला उतरणारी विमानं इमारतींवरून इतकी खालून वळतात की तुम्ही डोंगरावरून त्यांच्या पाठी बघता. बघा मिनिटभर. हा विमानतळ १९९८ ला बंद होणार आहे.

ताय पो रोडच्या चौकीवर एक गुरखा जवान वायरलेसच्या खोक्यापाशी बसलाय. पेन्सिलनं तुमच्या तुकडीचा नंबर लिहितो आणि तुमच्या पायांकडे बघून म्हणतो, "दुख्यो?"

नेपाळी कळायला मराठी माणसाला फार वेळ लागत नाही. पुढे कसं आहे, तुम्ही हातानंच विचारता. "अलिकति उकालो," तो म्हणतो, थोडा चढ. "अनि ओरालो." मग उतार. आपल्याकडे गडाच्या वाटेवरचा म्हातारा "हे काय, दहा मिनिटं" म्हणतो ना, अगदी त्याच चेहऱ्यानं.

टायपिस्ट बूट काढते. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड. जवान सेफ्टी पिन आगकाडीवर तापवतो, फोडाला कडेनं टोचतो, वर पट्टी चिकटवतो. हात चालू असताना मोडक्या हिंदीत त्याच्या बाजेबद्दल सांगतो. बाजे म्हणजे आजोबा. बर्माच्या लढाईत होते. युद्ध संपलं, पलटणीला माणसं नकोशी झाली, घरी पाठवलं. पेन्शनसाठी १५ वर्षांची नोकरी लागते. बाजेंची पाच.

अशी माणसं नेपाळच्या डोंगरात हजारोंनी आहेत. त्यांच्यासाठी १९६९ मध्ये गुरखा वेल्फेअर ट्रस्ट निघाला, आणि आजचा काही पैसा तिकडेच जायचाय. मला यात शौर्यापेक्षा लाज जास्त दिसते. ज्या साम्राज्यासाठी ही माणसं लढली, त्यानं बोट नियमावर ठेवलं, आणि म्हाताऱ्यांच्या भाकरीसाठी त्यांच्या नातवंडांना डोंगरातून पळावं लागतंय. पण चौकीवर हे बोलायची सोय नाही. जवान पट्टी दाबतो नि सांगतो: बाजे ट्रस्टचा भत्ता घ्यायला दोन दिवस चालत खाली केंद्रावर जातात. दोन दिवस परत.

रात्री शिंग मुनला वाट जुन्या लष्करी भुयारांवरून जाते. बॅटरीच्या उजेडात सिमेंटमध्ये कोरलेली लंडनच्या रस्त्यांची नावं दिसतात: चेरिंग क्रॉस, रीजंट स्ट्रीट. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी हा मोर्चा एका रात्रीत घेतला. या डोंगरांच्या बचावाला राजपूत आणि पंजाबी पलटणीही होत्या. थांबू नका, थांबलात की गुडघे आखडतात.

नीडल हिल ५३२ मीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण रात्री दोनला पायऱ्या मोजल्यात तर मोजणं सोडून द्याल. ताय मो शान ९५७ मीटर, हाँगकाँगचा सर्वांत उंच माथा. धुकं, वारा, घामानं भिजलेला सदरा पाठीला चिकटलेला. कारकून विचारतो, १९९७ ला आमचं काय होईल? हाँगकाँग चीनला परत द्यायचा करार दोन वर्षांपूर्वीच झालाय, सगळ्या शहराच्या डोक्यात तोच विषय. तुम्हाला बरंच काही माहीत आहे. पलटण इंग्लंडला जाईल, ही चाल देशोदेशी पसरेल, मुंबईजवळ कर्जतच्या डोंगरांतही येईल. गप्प बसा आणि त्याला अर्धं केळं द्या.

शेवटचे पंधरा किलोमीटर जवळजवळ सपाट, पाटाच्या कडेकडेनं. चढावर निदान कारण तरी असतं दुखण्याला. इथं नुसतं पाणी आणि सिमेंट. मास्तर पुढे, टायपिस्ट त्यांच्या खांद्याला धरून, आणि मागे राहिलेले तुम्ही. आता तिघं तुमच्यासाठी थांबतात, आणि कुणी काही बोलत नाही.

तुएन मुनला पोचता तेव्हा तिसाव्या तासाला काही मिनिटं कमी असतात.

दोन दिवसांनी वाण्याच्या दुकानात कागद पुढे करता. तो मण्यांची पाटी ओढतो, खरं तर शंभर दुणे दोनशेला पाटी कशाला लागते, पण पैसे द्यायचे म्हणून मणी सरकवून बघतो. नोटा देताना विचारतो, कुणाला जातात हे? तुम्ही बाजेंचं सांगता, दोन दिवस खाली, दोन दिवस वर.

"मग त्याला किलोमीटरमागे किती पडतात?"

तुम्ही हिशेब जुळवेपर्यंत तो पुढच्या गिऱ्हाइकाचे तांदूळ मोजायला लागलाय. दुकानाची एकच पायरी, पण उतरायला दाराची चौकट धरावी लागते. ओरालो.