‘गाय आण’ आणि स्वमग्न बालक

सन २०२२ च्या सप्टेंबरात अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, ६६ किलोमीटरांचा लोहमार्ग आष्टीस येऊन पोचला आणि चित्रातली आगगाडी तेथील बालकांस प्रत्यक्ष दिसू लागली. आजीने बोट दाखवून ‘ती बघ गाडी’ म्हणावे, नातवाने बोटाच्या रोखाने पाहावे आणि शब्द त्याचा व्हावा, इतकी ही गोष्ट सोपी वाटते. परंतु समजा, तो नातू बोटाकडेही पाहत नाही आणि गाडीकडेही नाही. हातातील बाटलीचे झाकण फिरविण्यात तो गुंग आहे. ‘गाडी’ हा शब्द त्याच्या कानी पडला खरा. पण तो जडला कशास?

शब्दाची वस्तूशी गाठ कशी पडते, हे आमच्या मीमांसकांनी फार पूर्वी विचारले होते. एक वडीलधारा दुसऱ्यास ‘गामानय’, म्हणजे ‘गाय आण’, असे सांगतो. दुसरा गाय आणतो. मूल ते पाहते. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये ऐकून, कोणता शब्द बदलला असता काय बदलते हे ते ताडते. यास वृद्धव्यवहार म्हणतात. त्यातून निघालेला प्राभाकर व भाट्ट यांचा वाद शतके चालला. (गागाभट्टांचे मूळचे पैठणचे घराणे काशीस जाऊन भाट्ट पक्षाचेच अध्वर्यू झाले.) पण मूल थोरांच्या व्यवहाराकडे पाहतच असते, ही अट उभय पक्षांनी न बोलता गृहीत धरली होती.

ती अट उघडी पडली स्वमग्न मुलांमुळे. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या वैद्याने १९४३ साली अशा ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. १९४६ च्या त्याच्या एका लेखात दोन वर्षांचा एक मुलगा आहे. आई स्वयंपाकघरात पीटर नावाच्या भोपळेखाऊचे बालगीत म्हणत असता तिच्या हातून भांडे पडले. त्या दिवसापासून तसले भांडे दिसले की मुलगा ‘पीटर ईटर’ म्हणे. परक्यास हे असंबद्ध वाटावे. आईस मात्र त्याचा उगम ठाऊक होता.

पुढे १९९७ साली सायमन बॅरन-कोहेन व त्यांचे सहकारी यांनी हीच गोष्ट प्रयोगाने पाहिली. मुलाच्या हाती एक खेळणे. बोलणाऱ्याची दृष्टी दुसऱ्यावर. आणि तो एक नवाच शब्द उच्चारतो. बौद्धिक वाढ मंद असलेल्या इतर बहुतेक मुलांनी तो शब्द बोलणाऱ्याच्या खेळण्यास लावला. बहुतेक स्वमग्न मुलांनी हातातल्या. यास बुद्धीचा अभाव म्हणणे मला पटत नाही. शब्दासरशी जे समोर होते त्यालाच त्यांनी नाव दिले.

दोष मात्र आईच्या माथी आला. कॅनरच्या आरंभीच्या लेखांतही आईबापांच्या थंडपणाचा उल्लेख आहे, आणि १९६७ साली ब्रूनो बेटलहाइमने त्यावर आख्खे पुस्तक रचले. आता ते मत टिकलेले नाही. तथापि ‘सुनेने मुलाकडे लक्षच दिले नाही’ हे वाक्य आपल्या घरांतून अजून ऐकू येते.

२००२ साली सिलर व सिग्मन यांनी एक दीर्घ निरीक्षण प्रसिद्ध केले. खेळताना ज्यांचे आईबाप मुलाचे लक्ष असेल तेथेच आपले लक्ष नेत, त्या स्वमग्न मुलांची भाषा पुढे अधिक वाढलेली आढळली. आणि हा फरक १६ वर्षांनंतरही दिसत होता. तेव्हा आष्टीच्या फलाटावरील आजीने गाडीचा आग्रह तूर्त सोडावा, खाली बसावे आणि झाकण फिरत असतानाच ‘झाकण’ म्हणावे.